नाडीला दिलेला जोड

समोरच्या गॅलरीत सुलूताईंचा परकर वाळत घातलाय. पांढऱ्या नाडीला हिरव्या कापडाचा तुकडा जोडलाय. नाडी पुरेना, म्हणून.

असाच जोड माझ्या वहिनीच्या परकराला होता. मीच शिवून दिला होता. दंड वाळलेले, दोन घासांत पोट भरायचं आणि परकर मात्र दिवसेंदिवस तंग. "गॅस असेल, ओवा खा," आई म्हणाली. "पन्नाशी आली, पोट सुटणारच," असं म्हणत मी हसले. डॉक्टरांनी अंडाशयाचा कॅन्सर सांगितला, तेव्हा तो पोटभर पसरला होता. दादाने लगेच बजावलं, "बाहेर बोलू नका, बायकांचं दुखणं आहे."

चीड येते. भाजीत मीठ जास्त पडलं तर आमच्या घरात सगळ्यांना कळतं. बाईचं पोट महिनोन्महिने फुगत राहतं, ते कुणाला कळत नाही. वहिनी गेली, तरी आम्ही कुजबुजतच राहिलो.

मी गॅलरीतूनच ओरडले, "सुलूताई, नाडीला जोड कशाला दिलात?"

त्या ओशाळल्या. इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "अहो, हळू बोला ना!"

"नाही बोलणार हळू. चपला घाला, आपण डॉक्टरकडे जातोय."