गालानं ओल बघणारी कुंदा

कुत्र्याला आंघोळ घालून झाली की कुंदा आपला गाल त्याच्या पाठीला लावायची. केसांत बोटं घालून भांग पाडायची, खालची कातडी दिसली की तिथं गाल टेकवून, डोळे मिटून बसायची. परक्याला वाटावं, कुत्र्याशी काही गुपित चाललंय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हसलो. ती म्हणाली, "हस तू तात्या. बर्फात हात घालून मासली निवडता निवडता माझी बोटं मेली. ओलं-सुकं कळत नाय त्यांना. गाल अजून जित्ता हाय."

मी चौथी शिकलेला माणूस. मिलमध्ये कापसात आयुष्य गेलं, मिल बंद पडली तेव्हा वॉचमनकी केली, पण कोणापुढे हात पसरला नाही. लिहायची सवय नाही. पण कुंदाबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही म्हणून लिहितोय. चुका काढणाऱ्याने काढाव्यात, मला फरक पडत नाही.

कुंदा खारदांड्याच्या कोळीवाड्यातली. डोक्यावर पाटी घेऊन सांताक्रूझला दारोदार मासे विकायची. गुडघे गेले तशी पाटी सुटली. तिच्या एका गिऱ्हाईक बाईकडे तीन मोठी कुत्री होती, कोणाला जवळ येऊ देत नसत. कुंदाला मात्र दारातच चाटायची. "माझ्या अंगाला बोंबलाचा वास, अजून काय!" असं ती सांगायची. त्या बाईनेच तिला फणी, कात्री, नखं कापायचा चिमटा, सगळं हात धरून शिकवलं. मग कुंदा पिशवी घेऊन घरोघर फिरायला लागली. दांड्यातल्या बायका चिडवायच्या, कुत्र्यांची न्हावीण आली म्हणून. ती उलट बोलायची, "पापलेट कधी तुम्हाला बघून शेपटी हलवतो काय गं?"

आमच्याकडे वाकोल्याला तिला आणलं माझ्या बायकोने, सुशीलाने. बिल्डिंगमधलं एक कुटुंब परदेशी गेलं आणि त्यांची पांढरी पॉमेरियन कुत्री आमच्या गळ्यात पडली. राणी. सुशीलाने तिला पोटच्या पोरीसारखी धरली. मी राणीला मोरीत कपड्याच्या साबणाने धुवायचो आणि तशीच सोडून द्यायचो. पावसाळ्यात तिच्या अंगाला कुबट वास यायला लागला, कातडीवर चट्टे उठले. कुंदा आली, गाल लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "वरनं सुकी दिसते, आतनं भिजलेली हाय. दांड्याला बोंबील असा ओलाच ढीग करून ठेवला तर दुसऱ्या दिवशी फेकावा लागतो. ही तर जिती हाय."

मग तिने राणीला कोरडं केलं. टेबल फॅन, सुती फडकं आणि फणी. केसांचा एकेक पदर उचलायचा, वारा द्यायचा, पुढचा पदर. बाहेर धो धो पाऊस, भिंतीसुद्धा घाम गाळतायत, अशा हवेत दोन तास. सुशीलाने चहा पुढे केला तर म्हणाली, "ठेव. ही सुकल्याशिवाय माझ्या घशाखाली नाय जायचा." निवलेला चहाच प्यायली. पुढेही नेहमी निवलेलाच.

सुशीला गेली. जाण्याआधी दोन दिवस तिने कुंदाला जवळ बसवून सांगितलं होतं, "ह्यांचा काय्येक ऐकू नको. माझ्या राणीक बघ." मी तिथेच उभा होतो. राग आला, पण मरणाऱ्या माणसाशी काय भांडायचं?

पुढच्या वर्षीचा मे महिना. घामाने बनियन अंगावरून सोलून काढावा लागे. राणी दिवसभर जीभ काढून धापा टाकायची. मी ठरवलं, हिचे केस मुळापासून काढायचे. कुंदाला सांगितलं तर तिने पिशवी उघडलीच नाही.

"नाय कापनार."

"का?"

"तात्या, ते केस तिचं छप्पर हाय. उकडतं म्हनून कोन छप्पर काढतो? आत गुंता झालाय त्यानं वारं कोंडलंय. आतले मेलेले केस मी विंचरून काढते. वारं खेळंल, बरं वाटंल तिला."

"माका शिकवू नको," मी म्हणालो. "कापसात जन्म काढलाय मी. मे महिन्यात गोधडी पांघरून कोण थंड होतो काय?"

"गोधडी वेगली, कातडं वेगलं. सुशीलाताई असती तर..."

तिने सुशीलाचं नाव काढलं आणि माझं डोकं फिरलं. "माझं घर आहे, माझी कुत्री आहे. उद्यापासून पायरी चढू नको."

ती उठली. "नाय चढत," एवढंच बोलली. राणी तिच्यामागे दारापर्यंत गेली आणि तिथेच बसून राहिली.

त्याच संध्याकाळी मी नाक्यावरच्या न्हाव्याकडे राणीला नेली. तो बिचारा नको नको म्हणत होता. मी म्हटलं, मशीन चालव, जबाबदारी माझी. राणी बाहेर आली ती गुलाबी, हडकुळी, थरथरणारी. लाज वाटल्यासारखी माझ्या पायामागे लपली. मला मात्र पराक्रम केल्यासारखं वाटलं. चार जणांना दाखवली.

आठ दिवसांत उन्हाने तिची पाठ लाल झाली. फोड आले. तिने खाजवून खाजवून रक्त काढलं. डॉक्टर म्हणाला, जखम भरेल, पण केस पूर्वीसारखे येतीलच असं नाही. राणी खाटेखाली शिरली ती जेवायलाही बाहेर येईना. मी दार लावून बसलो. सुशीलाची एवढी एक वस्तू माझ्या हवाली होती आणि तिची मी ही गत केली, हे मला कळत होतं. पण कोणाला सांगणार?

शेजारणीने कुंदाच्या कानावर घातलं असणार. एका दुपारी ती दारात. मला ओलांडून सरळ आत गेली, जमिनीवर बसली. हाक मारली नाही, काही नाही, पण राणी खाटेखालून आपण होऊन बाहेर आली. कुंदाने जखमा टाळून गाल तिच्या उघड्या मानेला लावला. तिथं आता ओल बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बराच वेळ लावून बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुशीलाताईची एक सुती साडी दे. जुनी."

मी दिली. तिने तिथेच बसून राणीसाठी झबलं शिवलं.

नंतर महिनाभर ती रोज दुपारी यायची. तीन जिने चढून, तसल्या गुडघ्यांनी. औषध लावायची, फुंकर घालायची, जायची. राणीचं मी जे केलं त्यावरून मला एका शब्दाने बोलली नाही. एवढ्या तोंडाची बाई, मच्छीबाजारात भल्याभल्यांची सालं काढणारी, आणि मला काही नाही. तेच मला खायचं. मी तिच्यासाठी घावणे केले, सोलकढी केली. घावणा तोंडात घालून म्हणाली, "तात्या, मीठ काय शेजाऱ्यांना दिलंस?" पण जे बोलायला हवं होतं ते तिनेही काढलं नाही, मीही नाही. राणीच्या जखमा भरल्या. पाठीवर मात्र जागोजाग उघडे चट्टे राहिले, ते आजही आहेत.

पुढेही कुंदा अधूनमधून राणीला विंचरायला येत राहिली. दीड वर्षाने ती चढता चढता मध्येच जिन्यात बसायला लागली. मग यायची बंद झाली. पोटात गाठ निघाली असं कळलं. मी राणीला घेऊन रिक्षाने दांड्याला गेलो. रिक्षात सगळी वाट मनात वाक्य घोळवत होतो. कुंदा, मी चुकलो. तीनच शब्द, शाळा लागत नाही त्यांना.

कुंदा खाटेवर. अर्धी झालेली. मी राणीला तिच्या कुशीत ठेवली. तिने कष्टाने मान वळवून गाल टेकवला.

"ओली हाय आतनं. कोनी घातली आंघोळ?"

"मीच."

"नीट पुसली नायस."

"हवाच तशी आहे," मी म्हणालो.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तात्या, मला काय बोलायचं हाय तुला?"

मी तिच्या उशाची औषधाची बाटली उचलून बघितली. "काय नाही. औषधं घेतेस ना वेळेवर?"

तिने मान हलवली आणि तोंड राणीच्या केसांत घातलं.

त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली. दिवसांच्या कार्याला मी गेलो. तिची मुलगी लता दारात उभी होती. तिला बघितलं आणि आईसमोर न निघालेलं माझ्या तोंडातून निघून गेलं. "लता, तुझी आई बरोबर होती. माझं चुकलं. मी तिला बोललो नाही गं."

लता रडता रडता हसली. म्हणाली, "आई वाट बघत होती तात्या. रोज तुमच्याकडनं आली का बोलायची, 'आज पन नाय बोलला म्हातारा. एकदा त्याच्या तोंडानं चुकलो बोलू दे, मग बघ कसा सोलते त्याला. सगलं जमवून ठेवलंय मी.'"

काय काय जमवून ठेवलं होतं, ते मी लताला विचारलं. तिला माहीत नव्हतं. मला पाहिजे होतं ते सगळं. दांड्याच्या चार बायकांसमोर, मोठ्या आवाजात, माझ्या घराण्याचा उद्धार करून बोलली असती तरी मी मान खाली घालून उभा राहिलो असतो. सुशीला गेल्यावर माझं काही चुकलं तर सांगायचा हक्क असलेलं हे एकच माणूस होतं. तिचं बोलणं माझ्यापाशी अडलं होतं, आणि मी औषधं विचारून परत आलो.