शांताचा पितळी गुंड

शांता सही करेना. फॉर्म मी स्वतः भरला होता, पेन तिच्या हातात होतं आणि सौंसरच्या माझ्या ऑफिसबाहेर तीन पक्षकार खोळंबले होते.

"मॅडम, याच्यात काय लिवलं हाय?"

"मतदार यादीत तुझं नाव पहिल्यांदाच घालतो आहोत, असं."

"मंग हे तं खोटं हाय! मी इतक्या वर्षांपासून मत टाकून राहिली. मले नवी कायले बनवता?"

ईशा, तुझ्या तिकडच्या अमेरिकन शाळेच्या प्रोजेक्टसाठी तू तिथल्या काळ्या लोकांच्या मताधिकाराचे निकाल विचारलेस. ते मी कॉलेजात वाचले होते. पण समजले या बाईमुळे, म्हणून आधी तिची केस.

शांता संत्र्यांच्या ग्रेडिंगला जाते, म्हणजे लहानमोठी फळं वेगळी करते. मतदार यादीची तपासणी चालू होती. प्रत्येकाला वीसेक वर्षांपूर्वीच्या जुन्या यादीत आपलं नाव दाखवायचं होतं. तिचं सापडेना, कारण तेव्हा ती माहेरी, सावरगावला, चंद्रकला होती. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं आणि ती शांता झाली. आपल्याकडची रीतच ती. त्याचा कागद कोणी करत नाही. कच्च्या यादीतून ती गळली. मुद्दाम कोणी केलं नव्हतं. नवा फॉर्म भरला की काम झालं असतं. चाळीस वर्षं वकिली करूनही मी तोच सोपा रस्ता काढला होता.

आता तुमच्याकडचं. गुलामी संपल्यावर घटनेने काळ्या पुरुषांना मताचा हक्क दिला. पुढे दक्षिणेकडच्या राज्यांनी कायद्यात "काळा" हा शब्द न लिहिता तो काढून घेतला. मत द्यायचं तर कुठे वाचनाची परीक्षा, कुठे कर. ज्याच्या आजोबाला गुलामीच्या काळात मत होतं, त्याला परीक्षा माफ! अलाबामातला एक काळा गृहस्थ वर्षानुवर्षं मत देत आला होता. नव्या यादीत त्याला घेईनात. १९०३ साली सुप्रीम कोर्टाने त्याला सांगितलं, यादीच लबाडीची म्हणतोस, तर तीत तुझं नाव घालून काय होणार? राज्यातल्या लोकांकडे दाद माग. म्हणजे ज्यांनी काढलं त्यांच्याकडेच. १९१५ साली आजोबांची सवलत रद्द झाली, तर ओक्लाहोमाने नवा नियम केला: राहिलेल्यांनी बारा दिवसांत नाव नोंदवावं, नाहीतर कायमचं विसरावं.

शांताचं बोलणं ऐकून मला अलाबामाचा तो गृहस्थ आठवला. त्यालाही कोणी नवा मतदार म्हटलं असतं, तर तो काय म्हणाला असता? मी फॉर्म फाडला.

"दोन्ही नावं असलेला एखादा कागद आहे?"

"कागद नाही. गुंड हाय."

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मामांनी तिला पाण्याचा पितळी गुंड दिला होता. नाव बदललेलं त्यांना मुळीच पटलं नव्हतं. त्यांनी त्यावर दोन्ही नावं कोरून घेतली होती, खाली तारीख.

सुनावणीला मी गुंड टेबलावर ठेवला. नायब तहसीलदारांनी चष्मा वर केला.

"मॅडम, हे तर बर्तन आहे."

"त्या वेळी लिहिलेलं आहे, साहेब. आज तयार केलेलं नाही. फिरवून वाचा."

त्यांनी फिरवून वाचलं. बाबू म्हणाला, "साहेब, फायलीत कसा लावू?"

तेवढ्यात शांतासोबत आलेले मामा उठले. त्यांचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे शपथेवर लिहिलेलं म्हणणं, मी जोडलंच होतं, पण त्यांना बोलायचं होतं.

"साहेब, पोरीचं नाव माह्या बहिणीनं ठेवलं होतं. ते मिटवाचा हक्क तांदळाले कोणं देल्ला?"

साहेब हसले. मग गुंडाचा फोटो काढायला लावला, त्यावर मामांची सही घेतली. जुन्या यादीतली चंद्रकला ती हीच, असा शेरा मारला. पक्क्या यादीत शांता आली. नवी म्हणून नाही.

तेव्हापासून मी पक्षकाराला "कागद आणा" म्हणत नाही. "जे असेल ते आणा" म्हणते. परवा एकाने पाळणा आणला. ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती, पण जन्मतारीख स्पष्ट कोरलेली होती.