मास्तरांच्या मागे

काकाचं अर्धं आयुष्य हॉटेलच्या जेवणघरात, पियानोच्या मागे बसून गेलं. जाझचा ड्रमर म्हटलं की लोकांना केस वाढवलेला, घामाघूम माणूस दिसतो. आमचा काका इस्त्रीचा शर्ट घालून तारेच्या ब्रशने इतकं हळू वाजवायचा, की जेवणाऱ्यांना काट्याचमच्यांचा आवाज आधी ऐकू यायचा. त्याचं त्याला काही वाटत नसे. मला वाटायचं.

तरुणपणी तो प्रवासी बोटींवर वाजवायचा. लग्नानंतर काकूने बोटी बंद करायला लावल्या आणि शेजाऱ्यांच्या धाकाने तो घरी उशांवर सराव करू लागला. "या घरात एक उशी धड असेल तर शपथ," असं काकू पाहुण्यांना सांगायची.

हॉटेलातलं काम मास्तरांमुळे मिळालं. पियानो ते वाजवायचे, बँडही त्यांचाच. दोघांचं वाजवण्यात जमायचं, बाकी कशातच नाही. "ड्रमवाल्याने सगळ्यांना सांभाळायचं. कुणी घसरलं तरी ऐकणाऱ्याला कळता कामा नये," असं काका म्हणायचा.

पुढे मास्तरच घसरू लागले. गाण्याचा मधला तुकडा विसरून ते थेट पुढच्या तुकड्यावर जायचे. काका तत्क्षणी त्यांच्यामागे उडी घ्यायचा आणि त्याच्यामागे बाकीचे. गोंधळ झालाच तर मास्तर सगळ्यांदेखत म्हणायचे, "हल्ली तुझं लक्ष नसतं." काका मान डोलवायचा. त्याचं वय झालं, अशी कुजबुज बँडमध्ये सुरू झाली. मला हे कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्यावर आलं म्हणून काय झिजलो का मी?" काका म्हणाला.

एके दिवशी मास्तरांची बायको घरी आली. "भाऊजी, हे गॅस चालू ठेवून बाहेर जातात. परवा घराचा रस्ता चुकले. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतात, माझं वाजवणं कुठे चुकतंय का? मला काय धाड भरलीय?"

ती गेल्यावर काका जेवला नाही.

रविवारी दुपारी मी मुद्दाम हॉटेलात गेले. दुसऱ्याच गाण्यात मास्तरांनी तुकडा गाळला. काका त्यांच्यामागे गेला नाही. तो गाण्यात जिथे होता तिथेच राहिला आणि बाकीचे त्याच्याबरोबर राहिले. पियानो एकीकडे, बँड दुसरीकडे. मास्तरांनी रागाने मागे पाहिलं, मग बास गिटारवाल्याकडे, मग स्वतःच्या हातांकडे. हात उचलून त्यांनी मांडीवर ठेवले. काकाने गाणं शेवटपर्यंत नेलं. इतकं निर्दय मी काही पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या काकाने केलं होतं.

नंतर सामान ठेवायच्या खोलीत मास्तर खोक्यावर बसले होते. काका ड्रमचे स्क्रू सैल करत होता. मी दारात थांबले.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"दोन वर्षं होतील."

"आणि दर वेळी तू माझ्यामागे येत होतास?"

"हो."

"उद्या जातो डॉक्टरकडे," मास्तर म्हणाले. "हिला सांग, मला सांगायला लाज वाटते."

"सांगतो."

ते उठले, कोटाची बटणं लावू लागले आणि लावता लावता थांबले.

"मग आज का नाही आलास रे?"