कळपात शेवटी कोण आलं?

मी सरकारी प्रयोगशाळेत जनावरांचे रोग तपासतो. त्या हिवाळ्यात केनियाच्या सरकारी पशुवैद्यकीय खात्यातल्या एक डॉक्टरीणबाई महिनाभर आमच्याकडे आल्या होत्या. आमची लसीकरणाची पद्धत त्यांना बघायची होती. मी शिकवणारा, त्या शिकणाऱ्या, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं.

रिठद गावाहून फोन आला. एका म्हाताऱ्या बाईच्या चार बकऱ्या मेल्या होत्या, बाकीच्यांची नाकं वाहत होती. आम्ही पोचलो. मी रक्तासाठी नळ्या काढल्या, तशी ती आडवी आली.

"आधीच मरून राह्यल्या, त्याहीचं रगत कायले काढता?"

मी साथीचं सांगितलं, नियम सांगितला. ती हलेना. पाहुण्या बाई मात्र शेणातच गुडघे टेकून बसल्या. एका बकरीचं डोकं त्यांनी काखेत धरलं आणि ओठ उचलून हिरडीवरचे चट्टे मला दाखवले. बकरी ओरडलीसुद्धा नाही.

"हे बाई बकऱ्यांतलीच दिसते," म्हातारी म्हणाली आणि बाजूला झाली.

मी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा बाई हसल्या. लहानपणी त्या आईबरोबर शेळ्या चारायच्या. मग त्या म्हणाल्या, "हिला विचारा, कळपात शेवटी कोण आलं?"

मला जरा रागच आला. 'नवीन जनावर विकत घेतलेलं नाही' असं मी फोनवर विचारूनच फॉर्मवर लिहिलं होतं. तरी विचारलं.

"इकत नाई घेतली," म्हातारी म्हणाली. "मानोऱ्याहून लेकीची बकरी आली. लेक ऊस तोडाले गेली नं, माह्यापाशी ठेवून. मंग आठ दिवसानं हे सुरू झालं."

मी फॉर्म काढून ती ओळ खोडली. मी फक्त विकत घेण्याचंच विचारलं होतं.

लगेच मानोऱ्याच्या जनावरांच्या दवाखान्याला कळवलं. लेकीच्या वस्तीतही बकऱ्या आजारी होत्या आणि ऊसतोडीला गेलेल्यांनी आपली जनावरं गावोगावच्या नात्यातल्या पाव्हण्यांकडे सोडली होती. तपासणीत पीपीआर, म्हणजे बकऱ्यांचा प्लेग निघाला. कोणाची बकरी कोणाकडे गेली याची यादी आम्ही फोन करकरून केली आणि त्या गावांतल्या निरोगी कळपांना लस टोचली. बाई रोज आमच्यासोबत होत्या.

म्हातारीच्या आणखी दोन गेल्या, बाकीच्या वाचल्या. लेकीची मात्र मेली.

"तिले मी काय सांगू?" म्हातारी विचारत होती. शेवटी मीच फोन लावला. लेकीनं आपली बकरी कधी मेली ते विचारलं. मग म्हणाली, "मायच्या तं वाचल्या नं?"

बाई परत गेल्यावर त्यांच्या खात्यातल्या डॉक्टरांशी मी ऑनलाइन बोललो. त्यांना आमची यादीची पद्धत हवी होती. पण माणसं बकऱ्या पाव्हण्यांकडे का ठेवतात हे कळायला हवं, म्हणून आधी ऊसतोड समजावून सांगितली. त्यातच अर्धा तास गेला.