ब्रेकवरचा पाय

संध्याकाळचे क्लास सुटतात तेव्हा लातूरच्या आमच्या रस्त्यावर वासांची नुसती गर्दी होते. भज्यांच्या कढईतलं उकळतं तेल, मेसमधल्या वरणाची फोडणी, झेरॉक्सच्या दुकानातून येणारा गरम कागदाचा वास. काल त्यातच एक वेगळा वास आला आणि मी चमकले. जळक्या लायनरचा वास. ज्यांनी जुनी मोटारसायकल कधी बाळगली नाही त्यांना तो कळायचा नाही. ब्रेक सोडला तरी आतले लायनर ड्रमला धरूनच राहतात, चाक बिचारं घासत घासत पळतं, तापतं, आणि मग हा वास सुटतो. नाकातून शिरतो आणि घशात जाऊन बसतो. मी पुढं बघितलं, मागं बघितलं. कुणाची गाडी तापलीय काही कळेना. माझी असणं तर शक्यच नव्हतं. गेल्याच आठवड्यात मी ड्रम उघडून साफ करून घेतला होता.

हो, मी मोटारसायकल चालवते. तीही बाबांची जुनी. बाबा गेले, गाडी राहिली. क्लासमधली पोरं माझ्यामागं मला ‘फटफटीवाल्या मॅडम’ म्हणतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणू देत बापडी. लोकांना आपल्या वडिलांची आठवण म्हणून अत्तराचा वास येतो, तपकिरीचा येतो, नव्या धोतराचा येतो. मला जळका लायनर आठवतो. आता याला काय करणार!

भूकंपाआधी बाबा औशाच्या पलीकडच्या एका गावात प्राथमिक शाळेवर मास्तर होते. आठवडाभर तिथंच एका खोलीत राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की मोटारसायकलवर लातूरला आमच्याकडे यायचे. त्या वर्षी गणपतीच्या विसर्जनासाठी घरी आले, म्हणून वाचले. पहाटे आमच्या घराची भांडी मांडणीवरून खाली आली, सगळी गल्ली रस्त्यावर धावली. बाबांनी आम्हा सगळ्यांना मोकळ्या जागेत बसवलं, कानोसा घेतल्यासारखे दक्षिणेकडे बघत थोडा वेळ उभे राहिले आणि कुणाला काही न सांगता गाडी काढून निघाले. ते कितीतरी दिवसांनी परत आले. कपडे मातीच्या रंगाचे, नखं तुटलेली. आईनं पाणी तापवून दिलं. अंघोळ करून आले, जेवायला बसले, आणि त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: “गाडीचा मागचा ब्रेक चिकटून राहिलाय.”

बस्स. त्या गावाबद्दल पुढं वर्षानुवर्षं त्यांनी अवाक्षर काढलं नाही, आणि ब्रेकबद्दल मात्र बोलणं कधी थांबलं नाही. शाळा आता पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. खोली तर मातीला मिळालेली, म्हणून बाबा रोज लातूरहून जाऊन येऊन करायचे. घरी आले की पहिलं काम ठरलेलं. गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची, बोट ओलं करून मागच्या चाकाच्या ड्रमला लावायचं. चर्र व्हायचं. मग चाक हातानं फिरवून कान देऊन ऐकायचं. गंमत अशी की स्टँडवर चाक अगदी मोकळं फिरायचं! रस्त्यावर तापायचं आणि अंगणात शहाण्यासारखं वागायचं. एक मिस्त्री म्हणाला, आतली स्प्रिंग मेलीय. बदलली. दुसरा म्हणाला, लायनर जाड बसलेत. घासून घेतले. तिसऱ्यानं लायनर ढकलणारा कॅम काढून दाखवला, म्हणाला, “गुर्जी, हा सुकलाय, ह्यात भूकंपाचा धुरळा गेलाय.” ते निदान बाबांना फार पटलं. त्यांनी कॅमला वंगण लावून घेतलं, खूश होऊन गेले, आणि संध्याकाळी पुन्हा चर्र. शेजारचे काका सांगायचे की गल्लीत शिरताना तुमचा मागचा लाल दिवा पेटलेलाच असतो. मिस्त्री म्हणाले, पेडल वर येत नसंल. पेडलही बदललं.

दरम्यान लातूर बदलत चाललं होतं. ज्या मैदानात आम्ही भूकंपानंतर महिनोन्‌महिने ताडपत्रीखाली झोपलो होतो, तिथं क्लासच्या पाट्या लागल्या. गावोगावची लेकरं ट्रंका घेऊन एसटीतून उतरू लागली. मीही अकरावीला गेले आणि मला डॉक्टर करायचं घरात ठरून गेलं. मला कुणी विचारलं नाही, पण माझंही तेच म्हणणं होतं. आईचं एकच टुमणं. बाबांनी बदली मागून लातूरला यावं. ती बदली मिळतही होती. बाबा म्हणायचे, राहिलेली लेकरं मला सोडत नाहीत. शेवटी आईनं गाडीवरच नेम धरला. “ही गाडी तुमचा जीव घेणार. माझा भाऊ म्हणतो नांदेडला एक जाणता मिस्त्री आहे. त्याला दाखवा. त्याच्यानं झालं तर ठीक. नाहीतर गाडी विका आणि बदलीचा अर्ज द्या.” बाबांनी मान डोलावली. एसटीनं ती पत्र्याची शाळा गाठणं अशक्य होतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. गाडी गेली की शाळा गेली.

नांदेडला एका क्लासची प्रवेश चाचणी होती, म्हणून मीही सोबत निघाले. आई कायम एका बाजूला पाय सोडून, डावीकडे तोंड करून बसायची. मलाही तसंच बसवायची. त्या दिवशी लांबचा पल्ला म्हणून मी पंजाबी ड्रेस घातला आणि पोरांसारखी दोन्हीकडे पाय टाकून बसले. आई दारातून ओरडली, “अगं, लाज आहे का काही? लोक काय म्हणतील?” बाबा म्हणाले, “बसू दे. पडायची न्हाई.” एवढ्याशा त्या बंडामुळे जे घडलं ते घडलं. कारण डावीकडे तोंड करून बसणाऱ्या बाईला चालवणाऱ्याचा उजवा पाय आयुष्यात दिसत नाही.

मला दिसला. शेतं चालू होती तोवर बाबांचा पाय नीट फूटरेस्टवर टेकलेला होता. चाकूर आलं, रस्त्याकडेची घरं सुरू झाली, आणि त्यांच्या चपलेचं टोक हळूच पेडलवर गेलं, जेमतेम दबलं. गाव संपलं, पाय मागं आला. मला वाटलं, सावध माणूस आहे. पण पुढच्या वस्तीला तेच, अहमदपूरला तेच. समोर रस्ता मोकळा असला तरी घरं दिसली की पाय जायचाच, आणि तेवढंच नव्हे, त्यांची पाठ ताठ व्हायची, खांदे कानाशी यायचे. लोह्याला तर मला त्यांच्या शर्टातून घाम लागला. मी अकरावीत घर्षण आणि उष्णता शिकत होते; गणित क्षणात सुटलं. पण सुटल्याचा आनंद काही झाला नाही. भीतीच वाटली.

नांदेडच्या मिस्त्रीनं ड्रम उघडला, सगळं बघितलं, बंद केला. मग स्वतः गाडी घेऊन नदीकडच्या मोकळ्या रस्त्यानं लांब चक्कर मारून आला. ड्रमवर आख्खा तळहात ठेवून म्हणाला, “गुर्जी, थंडगार हाय. गाडीत कायबी न्हाई. उगं खोलून राहिलेत सगळे.” बाबांचा चेहरा पडला. दोष सापडला असता तर शाळा वाचली असती ना! परतीच्या वाटेवर अहमदपूरच्या एसटी स्टँडजवळ आम्ही चहाला थांबलो. त्यांनी बाटलीतलं पाणी ड्रमवर ओतलं, वाफ निघाली, आणि मला राहवलं नाही.

“बाबा, गाव आलं की तुमचा पाय ब्रेकवर जातोय. शेतात न्हाई जात.”

त्यांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं रागावणार. ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

“त्या सकाळी गावात शिरलो तवा धुरळ्यानं काई दिसत नव्हतं. गल्ली कुठली, घर कुठलं, कळंना. मला वाटलं, रस्त्यावर माती आलीय नुसती. शाळेपर्यंत तर जावं म्हणून गाडी तशीच दामटली ढिगावरून. चाक फसलं तवा थांबलो. इंजन बंद केलं, अन् मग ऐकू आलं.”

“काय?”

“‘गुर्जी.’ खालून. चौथीतली पोरगी होती माझ्या. आख्ख्या गावात मोटारसायकल माझी एकट्याची. आवाजावरून वळखलं तिनं. मी तिच्या अंगावरून गाडी नेली, माय. हातानं उकरलं. दुपारपर्यंत बोलत होती. पाढे म्हण म्हणलं, तर पाढे म्हणत होती. मग थांबली.”

स्टँडवर कंडक्टर जळकोट, जळकोट ओरडत होता. मी रडत होते, आणि बाबा मात्र रडत नव्हते. ते आपल्या उजव्या पायाकडे बघत होते, परक्याच्या पायाकडे बघावं तसे. “खाली कोन हाय, काय सांगावं? घरं आली की जातोच. मी लई सांगतो त्याला. ऐकत न्हाई.”

त्या दिवशी घरी आल्यावर मी आईला ठासून सांगितलं, की नांदेडच्या मिस्त्रीनं गाडी बरी केली. बाबांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. गाडी विकली गेली नाही, अर्ज दिला गेला नाही. ड्रमवर पाणी ओतणं त्यांनी घराच्या अलीकडेच, वाटेतल्या हापशावर सुरू केलं आणि लायनर झिजले की माझ्या मदतीनं स्वतःच बदलायला लागले. त्यांच्या मागं बसले की मी गाव आलं तशी दोन बोटं त्यांच्या पाठीवर टेकवायची. पाय उचलला जायचा, थोडं पुढं गेल्यावर पुन्हा जायचा. निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती शाळा सोडली नाही. मी डॉक्टर झाले नाही, ज्या रस्त्यावर डॉक्टर घडवतात त्या रस्त्यावर जीवशास्त्र शिकवते आहे. आई गेली ती नांदेडच्या मिस्त्रीला दुवा देत गेली.

काल हे सगळं मनात घेऊन मी चौकापर्यंत आले, तर मागून माझी एक विद्यार्थिनी स्कूटीवर शेजारी आली. मुदखेडची पोर, तोंडानं फटकळ. “मॅडम, क्लासपासून तुमचा लाल दिवा पेटलेलाच हाय! ब्रेक धरून गाडी चालवून राहिलात की काय?” हसली आणि गेलीसुद्धा. मी खाली बघितलं. माझ्या उजव्या पायाची बोटं पेडलवर होती.

दोन्ही बाजूंना होस्टेलं उभी होती, मजल्यावर मजला. प्रत्येक खिडकीत दिवा, प्रत्येक खोलीत पलंगावर पलंग, त्यावर कुणाची ना कुणाची लेकरं. ज्या गावात आम्ही छपराच्या भीतीनं उघड्यावर झोपलो, त्याच गावात आता ती एकावर एक झोपतात. त्यांना भूकंप म्हणजे पुस्तकातला धडा, आणि ते बरंच आहे. मी तर तो आवाज ऐकलाही नव्हता. बाबांनी ऐकला, त्यांच्याबरोबर तो जायला हवा होता. पण गाडीसोबत तोही माझ्याकडे आला असावा.

मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. वरच्या एका खिडकीत कुणी मुलगी मोठमोठ्यानं पाठांतर करत होती. ती म्हणायची थांबली तेव्हा मी मान वर करून कान दिला. मग तिनं पान उलटलं असावं, कारण ती पुन्हा सुरू झाली, आणि मी गाडीला किक मारली.