सिमरनची जागा

मोहिद्दीन हा मुळात तंबूवाला नव्हे. त्याची उमर गेली लोणंदच्या कांदा बाजारात, व्यापाऱ्यांच्या वखारीपुढं मांडी घालून फाटक्या ताडपत्र्या शिवण्यात. जाड सुई, मेण लावलेला दोरा आणि सुई टोचू नये म्हणून तळहाताला बांधलेलं चामडं, एवढाच त्याचा संसार. पुढं गुडघे गेले. मांडी घालणं सुटलं तसा धंदाही सुटला. तोवर मुलगा तौसीफ कुपवाडच्या एका कारखान्यात चिकटला होता. ‘अब्बा, लय झालं, आता घरी बसा,’ म्हणाला. म्हातारा बसला असता तर त्याला कुणी नावं ठेवली नसती. पण साठी उलटल्यावर हा गृहस्थ पक्कं घर, बायको, नातवंडं सोडून साताऱ्याकडच्या डोंगरात, धरणाच्या पाण्याकाठी, शहरातल्या लोकांचे तंबू ठोकायला गेला. शेजारीपाजारी म्हणाले, ह्याची अक्कल गुडघ्यात होती, गुडघे गेले तशी तीही गेली.

तंबूंची जागा जयराजची. ऊसवाल्या घरातला पोरगा, अंगानं धिप्पाड, मनानं वाईट नाही. त्यानं डोंगराच्या पायथ्याला, झाडी संपते आणि पाणी सुरू होतं तिथं, निळे-नारिंगी तंबू मांडले आणि फाट्यावर ‘निसर्गाच्या कुशीत दोन दिवस’ अशी पाटी लावली. शनिवारी पुण्याच्या गाड्या यायच्या. लोक उतरायचे, शांतता किती छान आहे असं मोठ्यानं बोलायचे आणि लगेच गाणी लावायचे. फाटलेला तंबू शिवावा, वाऱ्यानं सैल झालेले दोर ताणावेत, संध्याकाळी शेकोटी रचावी, ही मोहिद्दीनची कामं. जयराज त्याला चाचा म्हणे आणि त्याच्या हातच्या शिलाईचं येईल त्याच्यापुढं कौतुक करी.

तिथल्या कामाची एक तऱ्हा होती. हिवाळ्यात पाणी वर असतं, तेव्हा तंबू वर. उन्हाळ्यात पाणी हटत जातं आणि पाहुण्यांना तर पाणी दाराशी हवं असतं. मग पाणी खाली सरकेल तसे तंबूही खाली सरकवायचे. खुंट्या उपटायच्या, चार पावलं खाली जायचं, परत ठोकायच्या. मे महिना येईपर्यंत तंबूंचा सगळा तळ खालच्या उघड्या पडलेल्या जमिनीवर आलेला असे. पाहुण्यांना ती जमीन म्हणजे धरणाचा तळ. मोहिद्दीनला ती दांडवली. त्याचं गाव.

दांडवली धरणात गेली त्याला वीस-बावीस वर्षं झाली. मोठं गाव नव्हतं. मराठ्यांची घरं, खालच्या अंगाला मुसलमानांची थोडी घरं. ओढ्यापलीकडं एक सपाट पट्टी होती, ते कबरस्तान. बोलणं सगळ्यांचं एकच, घरातही मराठीच. पाणी चढायच्या आदल्या साली मोहिद्दीनची तीन वर्षांची पोर, सिमरन, तापानं गेली. साताऱ्याला न्यायला जीप मिळेस्तोवर सगळं आटोपलं होतं. पुरुषांनी तिला नेलं. बायका कबरस्तानात जात नाहीत, ही तिथली रीत. म्हणून अख्तरबी ओढ्याच्या अलीकडं, बांधावर, दोन बायांनी धरलेली अशी उभी राहिली. आपल्या लेकराला कुठं ठेवलं ते तिनं पाहिलं नाही. माणसांच्या पाठी तेवढ्या पाहिल्या.

कबर कच्ची होती, मातीची. मोहिद्दीननं उशाला एक काळा धोंडा रोवला. बाजूलाच करंजाचं झाड होतं. दुसऱ्या वर्षी पाणी आलं आणि गाव उठून सांगलीकडच्या वसाहतीत गेलं. झाड पाण्यात मेलं, पण त्याचा खुंट हटला नाही. कडक उन्हाळ्याच्या शेवटी ती पट्टी थोडे दिवस वर येई. खुंट दिसे, आणि खुंटाशेजारी धोंडा. मोहिद्दीन लोणंदहून एकटाच येई, तिच्यासाठी फातिहा पढे, धोंडा कलला असेल तर सरळ करी आणि वसाहतीतल्या घरी जाई. घरी गेल्यावर अख्तरबी विचारी, ‘हाय न्हवं?’ तो म्हणे, ‘हाय. तिथंच हाय.’ ती परत विचारी, ‘खुंटाच्या कुठल्या अंगाला?’ तो हातानं दाखवी. ती मान डोलवी आणि कामाला लागे. नवरा-बायकोत पोरीबद्दल वर्षातून एवढंच बोलणं होई. पण त्या बोलण्यावर अख्तरबीचं वर्ष निघे.

आता तो तंबू ठोकायला का गेला, ते सांगायला नको. जयराजला मात्र त्यानं यातलं काही सांगितलं नाही. सांगावं असं कैकदा ओठांवर आलं. पण सांगितलं तर जागा बदनाम होणार, पाहुणे तुटणार, नोकरी जाणार आणि नोकरीबरोबर ही जमीनही डोळ्यांआड होणार. शिवाय दिवस असे आलेत की कबरस्तान हा शब्द तोंडातून निघाला की माणसं गोळा होतात, आणि त्यांतली निम्मी ना मेलेल्याला ओळखत असतात ना जित्याला. तेव्हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तंबू त्या पट्टीवर जाऊ नयेत म्हणून त्यानं एक थाप मारून ठेवली होती, ‘तिथली जमीन पोचट हाय, खुंटी धरत न्हाई.’ जयराजनं विश्वास ठेवला. चाचाला खुंटीतलं कळणार नाही तर कुणाला?

पण पाहुण्यांचे पाय कोण बांधणार? फिरता फिरता ते पट्टीवर जात, बसायला, चूल मांडायला, शेकोटीभोवती गोल लावायला धोंडे उचलून आणत. बघता बघता पट्टीवरचे धोंडे कमी झाले. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मोहिद्दीनला एक कबर नुसतीच दिसली, उशाचा धोंडा नाहीच. कुणाची होती ते त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी त्यानं सिमरनचा काळा धोंडा उपटला, पोत्यात घातला आणि वर आणून तंबूंच्या कोठारात, फाटक्या कापडांच्या ढिगाखाली ठेवला. म्हटलं, खुंट आहेच की. खुंट कोण नेतोय? जागा काही हरवत नाही, धोंडा तेवढा राखावा. सुट्या झालेल्या वस्तू आत आणून ठेवायच्या, ही त्याची ताडपत्रीच्या धंद्यातली सवय. त्या सवयीनंच त्यानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

नंतर तो बकरी ईदला कुपवाडला गेला. इकडं पावसाआधीचा शेवटचा शनिवार, तळ भरलेला आणि पाहुण्यांना मोठी शेकोटी हवी. जयराजच्या माणसांना तो खुंट दिसला. पाण्यात राहून लोखंडासारखा झालेला, वरून खडखडीत वाळलेला. यंत्र लावून बुंध्यापासून कापला आणि राहिलेलंही खणून काढलं. मोहिद्दीन परतला तेव्हा पाऊस लागून पाणी चढलं होतं. जयराज कौतुकानं म्हणाला, ‘चाचा, काय लाकूड हुतं सांगू, सकाळपातूर निखारे हुते.’ मोहिद्दीन बरं म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

यंदा मे महिन्यात पट्टी वर आली, तेव्हा तिच्यावर गाळाचा नवा थर होता. खुंटाचा खड्डा बुजला होता. धोंडे नव्हते, उंचवटे नव्हते, हात फिरवल्यासारखी सगळी जमीन एकसारखी. मोहिद्दीन रोज सकाळी तिथं जाऊन उभा राही. इथं असेल. नाही, जरा वर. ओढ्याकडून मोजून बघावं तर ओढ्याची कडाच ढासळलेली. कुदळ मारून बघावं तर कुणाच्या छातीवर बसायची. वीस वर्षं पाण्याखाली सांभाळलेली पोर त्यानं उघड्या जमिनीवर हरवली होती. या गोष्टीचा त्याला असा धक्का बसला की तो जेवायचा थांबला आणि उन्हानं होतंय म्हणून सांगू लागला.

आणि नेमका याच वेळी अख्तरबीचा फोन आला.

तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. एक डोळा गेल्यातच जमा होता आणि दुसरा किती दिवस टिकेल याची डॉक्टर हमी देत नव्हते. तौसीफनं सहज म्हणून तिला मोबाईलवर तंबूंच्या तळाचे फोटो दाखवले होते. तिनं फोटो डोळ्यांना लावून लावून बघितले.

‘आवं, तिथं पोरी बसल्यात की खुर्च्या टाकून,’ ती म्हणाली.

‘व्हय. पाहुण्या हायत.’

‘त्या पट्टीवर बी हिंडत्यात?’

‘हिंडत्यात.’

ती म्हणाली, ‘मंग मला आता कोण अडवतंय? आता ते काय कबरस्तान ऱ्हायलं न्हाई. दिसतंय तवर एकदा बघून घेते.’

मोहिद्दीननं ऊन सांगितलं, एसटीचे हाल सांगितले, पुढच्या वर्षी आणतो म्हणाला. पुढच्या वर्षी मला दिसणार हाय का, एवढंच तिनं विचारलं.

तौसीफनं तिला सांगलीहून एसटीत बसवलं. मोहिद्दीन भाजी आणायला निघालेल्या जीपमधून साताऱ्याला गेला आणि स्टँडवरून तिला घेऊन आला. त्या दिवशी उजाडताच त्यानं कोठारातला काळा धोंडा काढला होता, पोत्यात घालून पट्टीवर नेला होता आणि अंदाजानं एका जागी रोवला होता. रोवून झाल्यावर उभं राहून बघितलं. खरं वाटत होतं. तीच वाईट गोष्ट होती.

जयराजनं खुर्ची दिली, चहा दिला. ‘चाची, ऱ्हावा चार दिस, हवा चांगली हाय,’ म्हणाला. अख्तरबी हसली. चहा पिऊन ती नवऱ्याच्या मागोमाग उतरू लागली. ओढ्याच्या कडेला आली आणि थांबली. पाय उचलेना. पलीकडं एक पुण्याची बाई कुत्र्याला हिंडवत होती. पण अख्तरबी त्या दिवसासारखीच अलीकडं उभी राहिली. मोहिद्दीन पलीकडून म्हणाला, ‘ये की.’ तिनं चपला काढल्या, पदर डोक्यावरून ओढला आणि ओढा ओलांडला.

धोंड्याजवळ ती बसली. हातानं चाचपून धोंडा बघितला. ‘डोकं कुणीकडं?’

‘ह्या अंगाला.’

‘आन तोंड?’

‘मावळतीकडं.’

तिनं कागदातली गुलाबाची फुलं उशाशी ठेवली, ओंजळ धरून फातिहा पढली आणि ओंजळ तोंडावरून फिरवली. मग ती मातीवर हात फिरवू लागली, निजलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा, वरून खाली, वरून खाली. तिनं पोरीला सांगितलं की तुझा भाऊ मोठा झाला, कामाला जातो, त्याला दोन लेकरं हायत, धाकटी तुझ्यावाणीच नाक उडवती. तिनं सांगितलं की मी आले नाही ते मनात धरू नको, आम्हाला येऊ देत न्हवते. मोहिद्दीन मागं उभा होता. बायकोला इतकं बोलताना त्यानं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. तिचा आवाज तरुण झाला होता.

बोलता बोलता ती त्याच्याकडं वळली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावर मात्र दुःख नव्हतं. म्हणाली, ‘तुमच्यामुळं झालं हे. लोकांची बोलणी खाल्लीसा, पर तुमी तिची जागा राखली. लय उपकार झालं तुमचं.’

तिनं शिव्या दिल्या असत्या तर म्हाताऱ्यानं पचवल्या असत्या. हे त्याला पचलं नाही. तो तिच्याशेजारी खाली बसला, गुडघ्यांची कळ मस्तकात गेली. म्हणाला, ‘अख्तर, ही ती जागा न्हाई.’

तिचा हात मातीवरच होता.

त्यानं सगळं सांगितलं. धोंडा का उचलला, खुंट कसा गेला, सकाळी काय केलं. सांगताना खाली बघत होता. पाहुण्यांच्या तंबूकडून गाण्याचा आवाज येत होता, मध्येच कुणी तरी हसत होतं. तो बोलायचा थांबला तेव्हा तिचा हात थांबलेला होता.

‘मंग ही कोण?’ तिनं विचारलं.

‘म्हाईत न्हाई. असंल कोणी. नसंल बी.’

‘आन ती?’

‘हितंच कुठंतरी हाय.’

अख्तरबीनं मान वर करून ती पट्टी बघितली, तिच्या एका डोळ्याला दिसत होती तेवढी. इथून तिथवर नुसता वाळलेला गाळ होता, भेगा पडलेला. मग मातीवरचा हात तिनं उचलला, पदराला पुसला आणि मांडीत घेतला.

मोहिद्दीन म्हणाला, ‘खोटं कसं ठेवू तुझ्यापाशी? मनाला पटंना.’

‘तुमचं मन हलकं झालं,’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आवाज पुन्हा म्हातारीचा झाला होता. ‘पर सांगायला नगं हुतं तुमी. मला घावली हुती ती.’