नव्या यंत्राचं पहिलं बटण

"तू जरा बाजूला हो गं. पहिलं बटण आहे."

शेठच्या आई, अक्का, एवढंच म्हणाल्या. आवाज गोड होता. माझं बोट हिरव्या बटणापासून वीतभर लांब होतं. मी हात मागे घेतला.

खंडेनवमी होती. जळगावच्या एमआयडीसीत त्या दिवशी यंत्रं बंद असतात. आदल्या दिवशी ती धुतात, पुसतात, झेंडूच्या माळा घालतात. आमच्या चटईच्या कारखान्यात त्या वर्षी तैवानहून नवं विणयंत्र आलं होतं. पूजा करून ते त्याच दिवशी सुरू करायचं ठरलं होतं.

ते यंत्र यावं म्हणून झालेला सगळा पत्रव्यवहार माझा होता. धुळ्याच्या कॉलेजात मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. तुमचे आजोबा गेले तेव्हा तुमची आई शाळेत होती. मी या कारखान्यात लागले आणि निर्यातीचं काम बघू लागले. तुम्ही नातवंडं फोनवर विचारता, आजी, जळगावात आहे तरी काय? डाळीच्या गिरण्या आहेत. पाइप आहेत, ठिबक आहे, केळीची शीतगृहं आहेत, सोन्याची दुकानं आहेत. आमच्या शेठच्या वडिलांची डाळमिल होती, शेठने चटई काढली. परदेशात कुणाच्या अंगणात आमची चटई अंथरलेली असेल, तर तिच्यासोबतचा कागद मी लिहिलेला असायचा.

आदल्या संध्याकाळी शेठ स्वतः म्हणाले होते, "मॅडम, बटण तुम्हीच दाबा. तुम्हीच आणलंत हे मशीन." म्हणून मी मोरपंखी साडी नेसले होते.

अक्कांनी बाजूला हो म्हटल्यावर मी शेठकडे पाहिलं. ते मोबाइलमध्ये काहीतरी बघत होते. पाच सवाष्णी पुढे झाल्या. शेठच्या पत्नी, त्यांच्या दोन जावा, हिशेबनीसांच्या पत्नी आणि कारखान्याशी कसलाच संबंध नसलेली एक शेजारीण. शेजारणीने बटण दाबलं. टाळ्या झाल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. राग आला नाही, रडूही आलं नाही. दात उपटायच्या आधी हिरडी बधिर करतात, तसं सगळं अंग झालं होतं.

यंत्र बसवायला आलेला तैवानचा इंजिनियर माझ्याजवळ आला. इतके दिवस पत्रं तुम्ही लिहिलीत, मग बटण तुम्ही का नाही दाबलं, असं त्याने इंग्रजीत विचारलं. शेठना तेवढं इंग्रजी कळत होतं. ते हसत म्हणाले, "सांगा त्यांना, मॅडमला बरं वाटत नाही."

मी सांगितलं. माझ्याच तोंडाने, चांगल्या स्वच्छ इंग्रजीत, मला बरं वाटत नाही.

मग बाथरूममध्ये गेले. तिथे सुमनबाई आरशासमोर उभी होती. यावलकडची, यंत्रांच्या लाइनवर काम करणारी. जुन्या यंत्रावर तिच्याइतका हात कुणाचा बसलेला नव्हता, आणि नवं यंत्र तिच्याच हाती द्यायचं ठरलं होतं. ती घामाने सुटलेली टिकली कपाळावर पुन्हा चिकटवत होती. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी पाहतेय हे बघून तिने टिकल्यांचं पाकीट पुढे केलं.

"लाई ल्या ना बाई. आम्ही बी लावतस."

"आम्ही म्हणजे कोण?"

"लाइनवरन्या. ज्यास्ना नवरा नही त्या बठ्ठ्या. खंडेनवमीले टिकली नही लाई ते मशीनजोडे कोन उभं ऱ्हाऊ दी?" ती हसली. "देवले काही फरक पडत नही. अक्काले पडस."

मलाही हसू आलं. ते अर्ध्यावरच थांबलं. ज्या यंत्रावर पोट आहे त्याच्याजवळ उभं राहायला या बायका दरवर्षी आपल्या मेलेल्या नवऱ्याला एक दिवस जिवंत करत होत्या. आणि मला, ऑफिसात खुर्ची असलेल्या बाईला, हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

"नको," मी म्हटलं. टिकली घेतली नाही.

बाहेर आले. प्रसाद वाटणं चालू होतं, सगळे तिथेच होते. मी इंजिनियरसमोर उभी राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, मघाशी मी खोटं बोलले. माझी तब्येत उत्तम आहे. मी विधवा आहे म्हणून मला बाजूला केलं. मग तेच मराठीत म्हणाले, मोठ्याने, लाइनच्या शेवटच्या बाईपर्यंत जाईल असं.

इंजिनियर स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. अक्कांच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"मॅडम, हे आत्ता गरजेचं होतं का?" शेठ म्हणाले.

"हो."

पुढच्या कामाच्या दिवशी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "अक्कांची माफी मागा. विषय संपला." मी मागितली नाही. त्यांनी काढून टाकलं नाही, कारण पत्रं लिहायला दुसरं कुणी नव्हतं. पण त्यानंतर माझा पगार वाढला नाही. सुमनबाई माझ्याशी बोलेनाशी झाली. माझ्याजवळ दिसली तर तिच्याही कपाळाकडे कुणी नीट बघेल, ही तिची भीती खरी होती. मी तिला दोष देत नाही.

पुढच्या खंडेनवमीला मी पूजेच्या आधीच यंत्राजवळ जाऊन उभी राहिले, रिकाम्या कपाळाने. अक्का आल्या. "बाजूला हो गं." मी हलले नाही. नारळ माझ्यासमोरच फोडावा लागला. निवृत्त होईपर्यंत दर वर्षी तसंच.

गौरी, तुझं लग्न आता धुळ्याला ठरलंय. परवा तुझ्या होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला होता. फार आदराने बोलल्या. म्हणाल्या, "आजी, तुम्ही निवांत खुर्चीवर बसा. हळदीची दगदग सवाष्णी बघतील." तुझी आई म्हणते, एका दिवसाचा प्रश्न आहे, कशाला वाढवायचं.

म्हणून हे लिहिलं. तू वाच, मग तुझ्या आईला आणि सासूबाईंनाही वाचून दाखव. हळदीच्या दिवशी मी खुर्चीवर बसणार नाही. पहिली हळद मी लावणार. ते कुणाला चालणार नसेल, तर त्यांनी बाजूला व्हावं.